श्वसन

श्वसन म्हणजे सजीवाने परिसरातून ऑक्सिजन घेणे, त्याच्या साहाय्याने पेशींमध्ये अन्नद्रव्यांतील ऊर्जा मोकळी करणे आणि त्या क्रियेत तयार झालेला कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकणे. या व्याख्येत दोन निराळ्या क्रिया एकत्र आल्या आहेत. छातीचा भाता हलून हवा आत-बाहेर होते तो श्वासोच्छ्वास. आणि पेशीतील तंतुकणिकांमध्ये ग्लुकोजसारख्या द्रव्यांचे टप्प्याटप्प्याने ऑक्सिडीकरण होते ते पेशीय श्वसन. वनस्पतींना छाती नाही, तरी पेशीय श्वसन त्यांच्यातही अहोरात्र चालते. प्रस्तुत लेखात मुख्यतः मानव व इतर प्राणी यांच्यातील वायूंची देवघेव, वाहतूक आणि तिचे नियंत्रण यांचा विचार केला आहे.

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासागणिक सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातून मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन रक्तात उतरतो. शरीरातील ऑक्सिजनचा एकूण साठा मात्र जेमतेम दीड लिटर असतो. अन्नाविना काही आठवडे आणि पाण्याविना काही दिवस तग धरणारे शरीर हवेविना काही मिनिटांत कोलमडते, ते या तुटपुंज्या साठ्यामुळे. असे असूनही ऑक्सिजन कमी पडू लागल्याची सूचना शरीर सहसा देत नाही. श्वास कोंडल्याची जी असह्य जाणीव होते ती प्रामुख्याने कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याची असते. श्वसनाविषयीची ही सर्वांत महत्त्वाची आणि बहुधा सर्वांत कमी परिचित बाब असून तिच्या अज्ञानापायी माणसे प्राणास मुकतात.

संज्ञा आणि काही रूढ समज

ऑक्सिजनला मराठीत ‘प्राणवायू’ हा प्रतिशब्द रूढ आहे. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान या पंचप्राणांपैकी ‘प्राण’ ही आयुर्वेद व योगशास्त्रातील कल्पना आणि रसायनशास्त्रातील हे मूलद्रव्य यांचा संबंध नावापुरताच आहे. दोहोंची गल्लत करू नये.

‘आपण ऑक्सिजन आत घेतो व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर सोडतो’ हे शाळेत पाठ होणारे वाक्य सोयीचे असले तरी अर्धवट आहे. आपण हवा आत घेतो आणि हवाच बाहेर सोडतो. आत येणाऱ्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि ०.०४ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असतो. बाहेर पडणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे १६ टक्के आणि कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे ४ टक्के. उच्छ्वासात एवढा ऑक्सिजन शिल्लक असतो म्हणूनच बेशुद्ध व्यक्तीला तोंडाने दिलेला कृत्रिम श्वास उपयोगी पडतो. रात्री झाडाखाली झोपल्यास गुदमरायला होते, या समजुतीलाही आधार नाही. झाड रात्री कार्बन डाय-ऑक्साइड सोडते हे खरे; परंतु मोकळ्या हवेत तो लगेच पसरून जातो. बंद खोलीत शेजारी झोपलेला माणूस कुंडीतल्या रोपापेक्षा कितीतरी अधिक कार्बन डाय-ऑक्साइड सोडत असतो.

अंतराची अडचण

वायूचे रेणू अधिक दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप पसरतात. या क्रियेला विसरण म्हणतात. पेशीत ऑक्सिजन शिरतो तो अखेर विसरणानेच. त्यासाठी दुसरी कोणतीही यंत्रणा नाही. विसरण अगदी थोड्या अंतरावर झपाट्याने होते, पण अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ चौपट होतो आणि अंतर दहापट झाले की शंभरपट. अमीबासारख्या एकपेशीय जीवाला म्हणून श्वसनेंद्रिय लागत नाही. रक्ताभिसरण नसलेल्या गोलाकार जीवाची त्रिज्या सुमारे एक मिलिमीटरच्या पुढे गेली तर त्याच्या गाभ्यातील पेशी गुदमरतील, असे गणित डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी मांडले होते.

चपटे कृमी पातळ राहून ही अडचण टाळतात. गांडूळ ओलसर त्वचेतून ऑक्सिजन घेते व रक्ताने तो आत पोहोचवते. त्वचा कोरडी पडली की ते गुदमरते. त्याहून मोठ्या व चपळ प्राण्यांना मात्र दोन गोष्टी कराव्या लागल्या: वायुविनिमयाचा पृष्ठभाग घड्या घालून अफाट वाढवणे, आणि त्याच्या एका बाजूने हवा वा पाणी व दुसऱ्या बाजूने रक्त सतत खेळते ठेवणे. कल्ले आणि फुप्फुसे हे या एकाच युक्तीचे अवतार होत. कीटकांनी वेगळी वाट धरली.

संशोधनाचा इतिहास

हृदयातील उष्णता शांत करण्यासाठी श्वास असतो, असे प्राचीन ग्रीक विचारवंतांचे मत होते. रक्त हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसांत जाते आणि तेथून डाव्या भागात येते, हे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवले. १६२८ मध्ये विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, परंतु धमन्या व शिरा यांना जोडणारा दुवा त्यांना दिसला नव्हता. मार्चेलो माल्पिघी यांना तो १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात, सूक्ष्मदर्शकाखाली, केशवाहिन्यांच्या रूपाने सापडला.

छातीची हालचाल जगवते की आत येणारी हवा, हा वाद रॉबर्ट हूक यांनी १६६७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत एका कुत्र्यावरील प्रयोगाने मिटवला. त्यांनी कुत्र्याची छाती उघडून फुप्फुसांना छिद्रे पाडली आणि भात्यांनी हवेचा अखंड झोत सोडला. फुप्फुसे फुगलेली व निश्चल राहिली, तरी कुत्रा जिवंत राहिला. झोत थांबवताच तो मरणपंथाला लागला. प्रयोग क्रूर होता आणि तो पुन्हा करण्याची आपली इच्छा नसल्याचे स्वतः हूक यांनीच नमूद केले आहे. पण जगवते ती ताजी हवा, हे त्यातून निर्विवाद ठरले. त्या हवेतील नेमका घटक शेले आणि प्रीस्टली यांनी अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात वेगळा केला. लाव्हाझिए यांनी त्याला ऑक्सिजन हे नाव दिले, आणि बर्फाच्या उष्णतामापीत गिनीपिग ठेवून श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे असे लाप्लास यांच्यासह दाखवले.

मानवी श्वसनसंस्था

नाकातून आत येणारी हवा नासिकामार्गात गाळली, उबवली व ओलावली जाते. पुढे घशात अन्नाचा आणि हवेचा मार्ग काही अंतर एकच असतो. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि अधिस्वरद्वार हे झाकण त्यावर टेकते. ही वेळ चुकली की ठसका लागतो. स्वरयंत्राखाली १० ते १२ सेंटीमीटर लांबीची श्वासनलिका असते. तिच्या भिंतीतील कूर्चेची कडी मागील बाजूस उघडी असतात, त्यामुळे नलिका चेपत नाही आणि मागच्या अन्ननलिकेला घास उतरताना फुगायला जागा राहते.

श्वासनलिकेच्या दोन मुख्य शाखांपैकी (श्वसनींपैकी) उजवी अधिक रुंद आणि अधिक सरळ उतरती असते. या साध्या शारीरिक भेदाचे परिणाम बालरुग्णालयांत नेहमी दिसतात. लहान मुलाच्या श्वासमार्गात गेलेला शेंगदाणा किंवा फुटाणा बहुधा उजव्या बाजूला अडकतो. दाढा नीट न आलेल्या मुलाला अख्खे दाणे खायला देऊ नयेत, ते यासाठीच.

श्वसनीला पुढे शाखा फुटत जातात. सुमारे २३ वेळा विभागणी झाल्यावर शेवटी वायुकोशांचे घोस येतात. उजव्या फुप्फुसाला तीन व डाव्याला दोन खंड असतात. डावीकडची काही जागा हृदय व्यापते. मार्गातील अस्तरावर चिकट श्लेष्मा आणि सूक्ष्म रोमक असतात. रोमक लयीत हलून धूळ व जंतू अडकलेला श्लेष्मा घशाकडे ढकलत राहतात. तंबाखूच्या धुराने हे रोमक लुळे पडतात व पुढे झडतात; मग तो श्लेष्मा वर काढायला खोकल्याशिवाय उपाय उरत नाही.

फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत. छातीच्या तळाशी असलेले घुमटाकार श्वासपटल आकुंचन पावून सपाट होते, बरगड्यांमधील स्नायू बरगड्या वर व बाहेर उचलतात, छातीची पोकळी वाढते आणि आतील दाब वातावरणापेक्षा किंचित कमी होऊन हवा आत ओढली जाते. छाती फुगते म्हणून हवा आत जाते. हवा गेल्यामुळे छाती फुगते असे नव्हे. शांत उच्छ्वास हा फुप्फुसांच्या लवचीकपणामुळे आपोआप होतो. आत घेतलेल्या ५०० मिलिलिटर हवेपैकी सुमारे १५० मिलिलिटर नळ्यांतच राहते आणि तिचा वायुविनिमयाला उपयोग होत नाही. उथळ व जलद श्वासापेक्षा खोल व संथ श्वास अधिक फलदायी असतो तो या हिशेबाने. पूर्ण उच्छ्वासानंतरही सव्वा लिटरच्या आसपास हवा फुप्फुसांत उरतेच.

वायुकोश

प्रौढ माणसात वायुकोशांची संख्या ३० ते ५० कोटींच्या दरम्यान असते. प्रत्येकाचा व्यास पाव मिलिमीटरच्या आसपास. पण सर्वांचा मिळून पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाहून थोडाच कमी भरतो. वायुकोशातील हवा आणि केशवाहिनीतील रक्त यांच्यामध्ये सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाडीचा पडदा असतो. माणसाचा केस याच्या शंभरपटीहून अधिक जाड असतो. रक्ताची कणिका या केशवाहिनीत पाऊण सेकंदच असते, पण विसरणाला तेवढा वेळ पुरून उरतो.

एवढे छोटे ओले फुगे उघडे कसे राहतात, हा प्रश्न दीर्घकाळ कोणाला पडलाच नव्हता. पाण्याचा पृष्ठताण बुडबुड्याला आतल्या बाजूने आवळत असतो, आणि बुडबुडा जितका लहान तितका हा आवळ अधिक. या न्यायाने उच्छ्वासाच्या शेवटी वायुकोश मिटून जायला हवेत. कुर्ट फॉन नेरगार्ड यांनी १९२९ मध्ये फुप्फुसांत हवेऐवजी द्रव भरून पाहिला. फुप्फुसे फुगवायला लागणारा दाब बराच कमी झाला. पृष्ठताणाचे महत्त्व त्यातून उघड झाले, तरी या कामाकडे पंचवीसएक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. वायुकोशांच्या भिंतीतील विशिष्ट पेशी एक स्निग्ध द्रव्य स्रवतात आणि ते पृष्ठताण उतरवते, हे पुढे कळले. त्याला पृष्ठसक्रियक म्हणतात.

गर्भात हे द्रव्य उशिरा, साधारणतः गरोदरपणाच्या ३४–३५ व्या आठवड्याच्या सुमारास, पुरेसे तयार होते. त्याआधी जन्मलेले मूल प्रत्येक श्वासाला मिटलेले वायुकोश नव्याने उघडण्यासाठी झटते. बरगड्या आत ओढल्या जातात, कण्हल्यासारखा आवाज येतो आणि ते थकत जाते. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये अशा अर्भकांच्या फुप्फुसांत पृष्ठसक्रियकाची उणीव असल्याचे दाखवून दिले. कारण कळले तरी उपाय हाती नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये मुदतीपूर्वी साडेपाच आठवडे जन्मला आणि देशातील उत्तमोत्तम वैद्यकीय साहाय्य उपलब्ध असूनही ३९ तासांत याच विकाराने दगावला. प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि होवी यांनी १९७२ मध्ये सिद्ध केले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांतून मिळवलेले पृष्ठसक्रियक अर्भकांच्या श्वासनलिकेत सोडून यश मिळवले. आज नवजात अतिदक्षता कक्षांतील हे नित्याचे उपचार आहेत.

रक्तातून वाहतूक

शंभर मिलिलिटर रक्तद्रवात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो. तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिनमुळे हेच प्रमाण सुमारे २० मिलिलिटरवर जाते. हीमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनचे चार रेणू बसू शकतात. पहिला बसला की पुढच्यांना बसणे सोपे होते. कार्बन डाय-ऑक्साइड आणि आम्लता वाढली की हीमोग्लोबिनची पकड सैल होते, म्हणजे राबणाऱ्या स्नायूंत ऑक्सिजन अधिक सुटतो. क्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्ये वर्णन केलेल्या या परिणामाला त्यांचेच नाव आहे. (भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर हे त्यांचे पुत्र.)

कार्बन डाय-ऑक्साइडचा मोठा भाग, सुमारे ७० टक्के, बायकार्बोनेटच्या रूपाने वाहून नेला जातो. उरलेल्यापैकी बराचसा हीमोग्लोबिनला चिकटून आणि थोडा नुसता विरघळून जातो. कार्बन मोनॉक्साइड हा निराळा वायू होय. तो हीमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. त्याला रंग, वास वा चव नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे किंवा नीट हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात गॅसचा गिझर लावणे यामुळे होणारे मृत्यू बहुधा याच वायूने होतात.

पाण्यातील श्वसन

एक लिटर हवेत २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. एक लिटर गोड्या पाण्यात, तापमानानुसार, पाच ते दहा मिलिलिटर. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. इतके जड आणि इतके निःसत्त्व माध्यम भात्यासारखे आत-बाहेर करणे माशाला परवडणार नाही. म्हणून तो पाणी तोंडाने घेतो आणि कल्ल्यांवरून एकाच दिशेने बाहेर सोडतो. कल्ल्यांच्या पापुद्र्यांतील रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहते. त्यामुळे बाहेर पडताना बरेचसे निःसत्त्व झालेले पाणीही नुकत्याच आलेल्या रक्ताला काही ना काही देत राहते. या प्रतिप्रवाही व्यवस्थेने मासे पाण्यातील ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेऊ शकतात. माणूस हवेतून जेमतेम पाव भाग काढतो. हवेत कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात व पृष्ठभागच उरत नाही, म्हणून भोवती ऑक्सिजनची चंगळ असताना मासा तडफडून मरतो.

पाणी तापले की त्यातील ऑक्सिजन घटतो. ० अंश सेल्सियसच्या तुलनेत ३० अंशांना तो जवळपास निम्मा होतो. सांडपाण्याने शेवाळ माजलेल्या तलावात रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद आणि श्वसन चालू राहते, त्यामुळे पहाटे ऑक्सिजनची पातळी सर्वांत खाली जाते. उन्हाळ्यात सकाळी तळ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसतो तेव्हा दर वेळी विषच कारणीभूत असते असे नाही.

काही माशांनी हवेचा आश्रय घेतला आहे. महाराष्ट्रातील नद्यांत व तळ्यांत आढळणारा मरळ डोक्यातील विशेष पोकळीत हवा भरून घेतो. त्याला पृष्ठभागावर येऊ दिले नाही तर तो पाण्यात असूनही गुदमरतो. थोड्या पाण्याच्या घमेल्यात तो बाजारात तासन् तास जिवंत राहतो याचे रहस्य तेच. कोकणच्या खाड्यांतील निवटी तोंडात हवा-पाणी धरून आणि ओल्या त्वचेतून श्वसन करत ओहोटीच्या चिखलावर हिंडते. अंटार्क्टिकाजवळच्या अतिथंड समुद्रातील ‘हिममासे’ तर याहून विलक्षण. त्यांच्या रक्तात हीमोग्लोबिनच नसते. थंड पाण्यात विरघळलेला भरपूर ऑक्सिजन त्यांना रक्तद्रवातून पुरतो.

कीटक, उभयचर आणि पक्षी

कीटकांनी ऑक्सिजन वाहण्याचे काम रक्ताकडे दिलेच नाही. झुरळाच्या शरीराच्या कडेला श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात. त्यांतून निघालेल्या वायुनलिका फुटत फुटत थेट पेशींपर्यंत जातात. म्हणून झुरळाचे रक्त तांबडे नसते, आणि डोके तुटले तरी त्याचे श्वसन चालू राहते. ही व्यवस्था लहान शरीराला उत्तम आहे. मोठ्या शरीरात नलिकांनाच फार जागा लागेल. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ६५ सेंटीमीटरहून अधिक पंखविस्तार असलेले चतुरासारखे कीटक होते. त्या काळी हवेत ऑक्सिजन बराच अधिक होता, हे त्यामागचे एक कारण असावे असे काही शास्त्रज्ञ मानतात. मात्र त्यावर एकमत नाही. डासांच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन हवा घेतात. साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग सोडण्याच्या जुन्या उपायाने त्यांची हीच वाट बंद होते.

बेडकाला बरगड्यांचा भाता नाही. तो गळ्याची पिशवी खालीवर करून हवा अक्षरशः गिळतो, आणि कार्बन डाय-ऑक्साइडचा मोठा भाग त्वचेतून टाकतो.

पक्ष्यांची रचना सर्वांत कार्यक्षम मानली जाते. त्यांची फुप्फुसे लहान व जवळजवळ न हलणारी असतात. भात्याचे काम बहुधा नऊ हवेच्या पिशव्या करतात, आणि फुप्फुसातून हवा श्वास घेताना व सोडतानाही एकाच दिशेने जाते. हवेचा एक घोट पूर्ण बाहेर पडायला दोन श्वासोच्छ्वास लागतात. हिवाळ्यात भिगवण येथे उजनी जलाशयावर येणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडताना ७,००० मीटरहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहेत. हीच कार्यक्षमता कोळशाच्या खाणीत नेल्या जाणाऱ्या कॅनरी पक्ष्याच्या मुळावर आली. विषारी वायू त्याच्या रक्तात लवकर भिनत असल्याने तो माणसांच्या आधी कोसळे आणि त्यांना सावध करी. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत चालू होती.

देवमासे व डॉल्फिन यांना फुप्फुसेच असतात, परंतु ते ऑक्सिजन मुख्यतः रक्तात आणि स्नायूंतील मायोग्लोबिनमध्ये साठवतात. डॉल्फिनचा श्वास ऐच्छिक असतो, म्हणून झोपेत त्याच्या मेंदूचा एक अर्धा भाग आळीपाळीने जागा राहतो.

नियंत्रण

श्वासाची लय मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत तयार होते. बोलताना, गाताना, बासरी वाजवताना आपण तिच्यावर ताबा मिळवू शकतो, पण तो तात्पुरता. तिला मुख्य माहिती मिळते ती कार्बन डाय-ऑक्साइडविषयी. हा वायू मेंदूभोवतीच्या द्रवात उतरून त्याची आम्लता वाढवतो आणि तेथील ग्राहक ती टिपतात. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये हे नियंत्रण प्रयोगाने सिद्ध केले. हॉल्डेन स्वतःला आणि आपल्या मुलालाही प्रयोगांत वापरत. हा मुलगा, म्हणजे पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले आणि भुवनेश्वरला १९६४ मध्ये निवर्तलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन.

ऑक्सिजनचे ग्राहक मानेतील ग्रीवा धमन्यांजवळ आहेत. कॉर्नेय हेमान्स यांना त्यांच्या शोधासाठी १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे ग्राहक उशिरा जागे होतात. रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब ४० मिलिमीटरवरून दोन-तीन मिलिमीटर वाढला तरी श्वास लक्षणीय वाढतो. ऑक्सिजनचा दाब मात्र १०० वरून ६० च्या खाली उतरेपर्यंत श्वासात फारसा फरक पडत नाही. माशांत याच्या उलट आहे. कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात सहज निघून जातो आणि टंचाई असते ती ऑक्सिजनची, त्यामुळे त्यांची यंत्रणा ऑक्सिजनवर लक्ष ठेवते. हवेत राहणाऱ्या प्राण्यांभोवती ऑक्सिजन सहसा कमी पडत नाही. कार्बन डाय-ऑक्साइडचा हिशेब जुळला की ऑक्सिजनचा आपोआप जुळतो. निसर्गाची ही काटकसर नेहमीच्या परिस्थितीत उत्तम चालते; अनैसर्गिक परिस्थितीत ती घातक ठरते.

सूचना न देणारा धोका

१५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तिघे फ्रेंच संशोधक ८,००० मीटरपर्यंत चढले. त्यांच्याजवळ ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. परंतु उंचीवर त्यांना गुदमरल्यासारखे वाटलेच नाही. उलट मन प्रसन्न झाले, हात मात्र उचलेनात. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल मरण पावले. वाचलेल्या गास्तों तिसांदिए यांनी हा अनुभव लिहून ठेवला. विरळ हवेत कार्बन डाय-ऑक्साइड नेहमीप्रमाणे बाहेर जातच असतो, त्यामुळे तक्रार करायला मेंदूजवळ कारण नसते.

विहिरीत वा तलावात पोहताना पाण्याखाली अधिक वेळ राहण्याची पैज लावणारी मुले बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच जवळजवळ संपृक्त असते. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र खूप घटतो. परिणामी वर येण्याची ओढ निर्माण होण्यापूर्वीच ऑक्सिजन संपतो आणि चांगला पोहणारा मुलगा पाण्याखाली मुकाट्याने बेशुद्ध होतो. काठावरच्यांना तो अजून पैज खेळत आहे असेच वाटते.

धान्याचे पेव, वापरात नसलेली विहीर, मळीची वा मैल्याची टाकी येथेही हाच न्याय. पेवातील धान्य स्वतः श्वसन करते. बंद जागेतील ऑक्सिजन खाते आणि कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. हवेहून जड असल्याने तो तळाशी साचतो. अशा जागी उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत काही अंशी शास्त्रशुद्ध होती, कारण ऑक्सिजन सुमारे १६–१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते आणि त्या पातळीला माणूस अजून शुद्धीवर असतो. मात्र ज्योत जळत राहिली म्हणजे जागा सुरक्षित, असे नाही. मैल्याच्या टाकीत मिथेन असल्यास ज्योतीने स्फोट होऊ शकतो. तेथील हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढल्यावर येईनासा होतो, कारण तो वायू घ्राणेंद्रियच बधिर करतो. ऑक्सिजन फारच कमी असलेल्या जागी एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. ओरडायलाही अवधी मिळत नाही. त्याला काढायला धावलेला दुसरा आणि दुसऱ्याला काढायला उतरलेला तिसरा, अशी एकाच टाकीत एकाच घरातील अनेकांची आहुती पडल्याच्या घटना वारंवार घडतात. स्वतंत्र हवापुरवठा आणि कमरेला दोर असल्याशिवाय वाचवायला उतरू नये. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरवणे भारतात २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. अशा मृत्यूंबाबत वारसांना द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

कोविड-१९ च्या साथीत हा विषय घराघरांत पोहोचला. काही रुग्णांची ऑक्सिजन संपृक्तता धोक्याच्या पातळीखाली उतरलेली असतानाही ते शांतपणे बोलत असत, कारण रोगग्रस्त फुप्फुसांतूनही कार्बन डाय-ऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज बाहेर पडतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमापीचे महत्त्व त्या वेळी सर्वांना कळले. त्यामागील तत्त्व जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी शोधले होते. याउलट, धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे फुप्फुसे निकामी होत गेलेल्या काही रुग्णांत कार्बन डाय-ऑक्साइड कायमच वाढलेला असतो. त्यांना अनिर्बंध ऑक्सिजन दिल्यास तो आणखी वाढून गुंगी येऊ शकते, म्हणून त्यांच्यात संपृक्तता ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे. जन्मतःच कार्बन डाय-ऑक्साइडची जाणीव नसलेली मुलेही क्वचित आढळतात. ती जागेपणी श्वास घेतात. झोप लागली की त्यांचा श्वास अपुरा पडतो, आणि त्यांना आयुष्यभर रात्री यंत्राच्या साहाय्याने श्वास द्यावा लागतो.